कालव्यावरची हाक

"चिंचेचा एक द्या. साखर कमी घातलीत तरी चालेल."

बर्फाच्या गोळ्याच्या गाडीवर येऊन कमी साखर मागणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. मी मान वर केली. उंच, सावळा, गळ्यात दवाखान्याचं ओळखपत्र, काखेत तिकाटणं आणि त्यावर लावलेला फोन. रविवारच्या पुल्गात, म्हणजे आमच्या उघड्यावरच्या बाजारात, ह्यूस्टनच्या खाली सीमेलगतची आमची निम्मी व्हॅली लोटलेली. जुन्या टायरांपासून कोंबड्यांच्या पिल्लांपर्यंत सगळा बाजार मांडलेला, कुठेतरी अकॉर्डियन वाजतंय, भाजलेल्या कणसांचा धूर... आणि हा बाबा माझ्यासमोर हसत उभा.

"कमी साखर हवी तर नळ तिकडे आहे," मी म्हणाले.

"नळाला चिंचेची चव असती तर गेलो असतो. बरं, तुमच्या हाताला येईल तेवढी घाला."

आवाज ओळखीचा वाटला. मी बर्फ किसता किसता थांबले. तो पुन्हा हसला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हाच तो. चादरवाला!

तो व्हिडिओ कुणी पाहिला नव्हता? नाताळानंतर आमच्या सगळ्या मावश्या-आत्यांच्या फोनवर तोच फिरत होता. एक म्हातारा खुर्चीत बसलाय, मागून हा पांढरी चादर पांघरून "भो!" करून उडी मारतो, म्हातारा किंचाळतो, मग हा त्याच्या बोटातून थेंबभर रक्त काढून यंत्राला लावतो. "बघा, बसला धसका. झाला का मधुमेह? नाही ना? मग भुताखेतांच्या गोष्टी सोडा आणि दवाखान्यात या!" आमच्याकडे जुनी माणसं म्हणतात, साखर होते ती धसक्याने. व्हॅलीभर हशा पिकला होता.

"तूच ना तो चादर पांघरणारा?" मी विचारलं. तुम्ही-बिम्ही गेलं खड्ड्यात.

त्याचा चेहरा खुलला. "पाहिलात? आवडला?"

"माझ्या आईने, अमाने पाहिला. चर्चच्या पायरीवर, शेजारणीच्या फोनवर. सगळ्या बायका हसत होत्या. अमाने फोन परत दिला, घरी आली आणि त्या दिवसापासून तिने दवाखान्याची पायरी चढलेली नाही. पायाच्या अंगठ्याला जखम आहे, बरी होत नाही. डॉक्टर म्हणतात, इन्सुलिन सुरू करा, नाहीतर पाऊल जाईल. ती म्हणते, हसणाऱ्यांच्या दारात मी जाणार नाही. आवडला का विचारतोस? हा घे तुझा गोळा."

त्याने गोळा घेतला, पण खाल्ला नाही. चिंचेचं पाणी मनगटावरून ओघळून बाहीत शिरत होतं. मी वाट बघत होते — आता हा सांगेल, अहो गंमत होती, हेतू चांगला होता.

"तुमच्या आईंना भेटू शकतो का?" एवढंच तो हळू म्हणाला.

"कशाला? दुसरी चादर आणतोयस?"

माझी जीभ अशीच आहे. पण तो पाठमोरा होऊन गर्दीत गेला तेव्हा मला उगाचच वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून आणखी राग आला.

पुढच्या रविवारी मी गाडी लावायच्या आत तो हजर. तो व्हिडिओ त्याने काढून टाकला होता. "पण लोकांनी एकमेकांना पाठवलेला कसा परत आणू? बाटलीतून सांडलेलं पाणी ते," म्हणाला, आणि न विचारता बर्फाची लादी उचलायला लागला.

"ठेव. पाठ धरेल."

"माझी काळजी?"

"लादीची. फुटली तर भरून देशील का?"

त्याचं नाव आबिएल. दवाखान्याच्या इंटरनेटवरच्या पानासाठी छोटे छोटे व्हिडिओ बनवायचा. दर रविवारी यायला लागला. कधी लिंबं कापून दे, कधी पोरांची रांग लाव. बोलता बोलता कळलं, त्याच्या वडिलांनी साखर आहे हे घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. बाप्या माणसाने रडगाणं गाऊ नये म्हणे. मूत्रपिंडं गेली तेव्हा कळलं.

"त्यांच्यावर ओरडायचं राहून गेलं," तो लिंबाकडे बघत म्हणाला. "म्हणून मग जगाला हसवत सुटलो. वाटलं, हसतील तर ऐकतील... तुझ्या आईचा विचारच केला नाही."

मी त्याच्या हातातली सुरी काढून घेतली. बोटं बोटांना लागली. दोघांनीही ती लगेच बाजूला घेतली नाहीत.

"कधीतरी आमच्याकडे ये ना," तो म्हणाला. "कालव्यावरचा पूल ओलांडला की आमची संत्र्याची बाग. सध्या फुलोरा आहे. वासानेच माणूस येडा होतो."

"मला लांबून यावं लागतं. हायवेने."

"पुलावरून तर पाच मिनिटं—"

"मी हायवेने जाते," मी म्हणाले, आणि उरलेली लिंबं स्वतःच कापायला घेतली.

मग एका सकाळी अमाने मोजा काढला आणि मला वास आला. अंगठा काळा पडत चालला होता. तिला काही दुखतच नव्हतं, तेच तर वाईट! मी रडले, भांडले, हातापाया पडले. ती आपली कोमाल, तिचा तो लोखंडी तवा, तापवून तोर्तिया भाजत राहिली. शेवटी मी आबिएलला फोन केला. दुसरं कुणी आठवलंच नाही.

तो दारात उभा राहिला. हातात टोपी. अमाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"चादरवाला," ती म्हणाली.

"हो, दोन्या ओरालिया," तो बाईसाहेब म्हणावं तशा अदबीने म्हणाला. "मी चुकलो. मला क्षमा करा."

"जेवलास का?"

"अं... नाही."

"मग बस."

तिने त्याला घेवड्याची उसळ आणि गरम तोर्तिया वाढल्या आणि समोर बसली. मग न विचारताच सांगायला लागली. माझ्याजवळ कधी न बोललेलं ती त्या परक्या पोराजवळ बोलली. अपा, माझे वडील, खरबुजाच्या शेतावरून घरी येत होते. टायर फुटला आणि ट्रक कालव्यात गेला. आम्ही दोघी धावत गेलो, काठावर उभ्या राहिलो. क्रेन येईपर्यंत पाण्यावर नुसती त्यांची टोपी तरंगत होती.

"तेव्हा माझा जीव जो अंगातून निघाला ना पोरा, तो तिथेच राहिला," अमा म्हणाली. "त्यानंतर साखर निघाली. लोक हसोत. मला ठाऊक आहे, मी अजून त्या काठावर उभी आहे. घरात आहे ती अर्धी बाई. डॉक्टर सुई टोचणार कुणाला? अर्धीला?"

आबिएलची कॉफी थंड झाली होती. त्याचा फोन खिशातच होता. एकदाही त्याने तो बाहेर काढला नाही. मला त्या क्षणी तो इतका आवडला की मला उठून मोरीत जाऊन उगाचच भांडी घासावी लागली.

"तुमचा धसका कुणी उतरवला नाही?" त्याने विचारलं.

"उतरवणारी बाई वारली. आणि हिचा विश्वास नाही." ही म्हणजे मी.

"मग आधी तुम्हाला परत आणू या," तो म्हणाला. "पूर्ण आणू. आणि पूर्ण आलात की सुई घ्याल?"

अमाने त्याच्या ताटात आणखी एक तोर्तिया टाकली. "घेईन," ती म्हणाली. "पण त्या काठावर जाऊन नावाने हाक हिने मारायची. मायेचं माणूस लागतं."

कालव्यावर! चार वर्षं मी हायवेने वळसा घालत होते. पण तो अंगठा डोळ्यांसमोर होता. त्याच संध्याकाळी अंगणातल्या सतापाच्या डहाळ्या तोडल्या आणि निघालो.

ऊन उतरलं होतं. पाणी तसंच, तपकिरी, मुकाट वाहणारं. पलीकडून संत्र्याच्या फुलांचा वास येत होता. अमा काठावर पाण्याकडे तोंड करून उभी राहिली. आबिएल दूर थांबला, तेव्हा तिनेच त्याला जवळ बोलावलं.

"लाव तुझा फोन."

"नको, दोन्या ओरालिया. हे तुमचं आहे."

"माझं आहे म्हणूनच सांगते. जे हसले त्यांना हेही बघू दे."

मी प्रार्थना म्हणत तिच्या डोक्यापासून पायापर्यंत सतापाने झाडत गेले. आता हाक मारायची. आईच्या नावाने. जिला आयुष्यभर अमा म्हटलं तिला नावाने हाक मारायची! अमा वाट बघत होती. तिचे खांदे केवढे बारीक झाले होते, माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"ओरालिया," मी म्हणाले. "ओरालिया... ये. तिथे राहू नकोस."

तिने पाण्यावरची नजर काढली नाही. पाण्याचा आवाज तेवढा.

"ओरालिया! ये गं! तिथे राहू नकोस! मला तू हवी आहेस..." हे शेवटचं विधीतलं नव्हतं.

आणि मग माझी आई, जी अपांच्या दफनातही रडली नव्हती, ती मोठ्याने रडली. "आले," ती म्हणाली. "आले गं, आले." मी तिला घट्ट धरलं. आबिएलने बाहीने डोळे पुसले, तेव्हा फोन तिरका झाला. त्या व्हिडिओत ते दिसतं, कुणीही बघा.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन तिने पहिली सुई स्वतःच्या हाताने टोचून घेतली. आणि त्याच फोनकडे बघून बोलली, "बायांनो, बाप्यांनो, धसका उतरवायचा असेल तर उतरवा. मीही उतरवला. पण घरी येऊन सुईसुद्धा घ्या. देवाने दोन हात कशाला दिलेत?"

आबिएलने खाली डॉक्टरांना विचारून मजकूर लिहिला. साखर घराण्यातून येते, खाण्यातून येते, वयाबरोबर येते, मोठा धक्का बसला तर चढूही शकते, म्हणून औषध सोडू नका. त्याने तो अमाला वाचून दाखवला. "ह्यात मी कुणाला हसलोय का?"

"हसला नाहीस. पण रटाळ झालंय," अमा म्हणाली. "जरा मीठ घाल."

तो व्हिडिओ चादरीपेक्षा हळू पसरला, पण लांब गेला. शिकागोहून फोन आले, ह्यूस्टनहून आले. एक ट्रकवाला नुसताच फोनवर रडला आणि म्हणाला, उद्या दवाखान्यात जातो. पुल्गात बायका गोळा घ्यायच्या निमित्ताने अमाचा हात धरायला यायच्या.

तरी अंगठा गेला. तेवढा उशीर आम्ही केला होताच. शस्त्रक्रिया चालू होती तेव्हा आबिएल माझ्याशेजारी बाकावर बसून होता. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, पाऊल वाचलं. तेव्हा मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि तिथेच झोपून गेले.

त्यानंतर तो आमच्याकडे येतच राहिला. मी मात्र त्याच्याकडे गेले नाही. त्याच्या आईने दोनदा जेवायला बोलावलं. मी म्हणे, गाडीचं काम आहे, अमाची पट्टी बदलायचीय. तो "बरं" म्हणायचा. पण परवा त्याचा "बरं" जरा तुटका आला. निघताना दारात घोटाळला.

"यादिरा, तुला नको असेन तर तसं सांग. मी लादी उचलायला येत राहीन, तेवढ्यापुरता."

माझी एवढी लांब जीभ, नेमकी तेव्हा गप्प बसली. तो गेला.

अमा पाय उशीवर ठेवून बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"मी आले परत," ती म्हणाली. "तू कधी येणार?"

"कुठून?"

"काठावर आपण दोघी होतो, पोरी. मला सगळ्यांनी पाहिलं. तुला कुणीच पाहिलं नाही. माझी पर्स छातीशी धरून उभी होतीस. अजून तशीच आहेस."

मी तिच्या मांडीत डोकं खुपसून रडले. चार वर्षांचं एकदम. मग तिने माझं तोंड पदराने पुसावं तसं एप्रनने पुसलं आणि म्हणाली, "जा. त्याला बोलाव पुलापर्यंत. मी जुनी झाले, माझ्या हाकेने तू येणार नाहीस."

मी फोन केला. "पुलावर ये. तुझ्या बाजूने," एवढंच म्हटलं. का ते सांगता आलं नाही.

मी पोचले तेव्हा तो पलीकडे उभा होता. फुलं गळून गेली होती, त्याच्यामागे झाडांना गोटीएवढी हिरवी संत्री धरली होती. मधे तो पूल. मी एक पाऊल टाकलं आणि पाणी दिसलं. टाकलेलं पाऊल मी मागे घेतलं. मला वाटलं, आता हा धावत येईल आणि मला उचलून नेईल. तो आला नाही. त्याने टोपी काढली, छातीशी धरली. त्याला सगळं कळलं होतं.

"यादिरा," त्याने हाक मारली. नीट, सावकाश, अमाला मी मारली होती तशी. "यादिरा... ये. तिथे राहू नकोस."

मायेचं माणूस लागतं, अमा म्हणाली होती.

मी कठडा धरला. पाणी खालून जात राहिलं.

"आले," मी म्हणाले. आवाज त्याच्यापर्यंत पोचला नसेल म्हणून पुन्हा ओरडले, "आले रे, आले!"

आणि चालत गेले.