कापसाचा ढीग बोलतो तेव्हा

"तितं टेकू नका. ढीग अंगावर येईल."

कस्तुरानं हटकलं तसा गाडीवान झटकन बाजूला झाला. सोलापुरातल्या त्या जिनात, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कस्तुराचा हा तिसरा हंगाम. दोन पुरुष उंच ढिगाला कुणी टेकलं की ती हातातलं काम टाकून ओरडायची.

गाडीवानाला राग आला नाही. त्यानं आधी ढीग निरखला, मग तिला... जरा जास्तच.

"तुमाला कसं कळतं?"

"परवा अवकाळी पाऊस झाला. त्या भिजलेल्यावर आज नवा कापूस टाकलाय. त्यो धरंल व्हय?"

"आमच्या बर्फाचं बी आसंच हाय."

"बर्फ? सरबतवाल्याचा? भुशातला?"

तो हसला. त्याचं नाव सिदू, सांगोल्याकडचा धनगर. मेंढरं भावावर सोपवून तो काश्मिरात पलटणीच्या खेचरांबरोबर होता. रजेवर आला होता, आज मामाचा कापूस घेऊन आला होता, आणि शुक्रवारच्या आगगाडीनं परत जायचा होता. तिकडचा बर्फ, तो म्हणाला, पिंजलेल्या कापसासारखा आभाळातून पडतो. पडून गेला की तांडा न्यायच्या आधी खड्डा खणायचा, थर बघायचे. जुना थर गुळगुळीत असला, नवा त्याला चिकटला नसला, तर ती वाट धरायची नाही. सगळा उतार खाली येतो, माणसं-जनावरं गाडून टाकतो.

"आदी काय सांगत न्हाय त्यो?"

"सांगतो की. पाय ठिवला की आतनं धप्प करतो."

कस्तुरानं ढिगाकडं वळून पाहिलं. ढीगही तस्साच बोलतो, हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. हसले असते.

तेवढ्यात मुकादम रावजी आला. "बायांनो, खालनं उपसा. मशीन उपाशी हाय."

"खालनं न्हाय. वरनं उतरवा," कस्तुरा म्हणाली.

"तू कवापास्नं मुकादम झालीस?"

"त्या बरोबर सांगत्यात," सिदू म्हणाला. त्यानं ढिगाच्या कडेला कोपरापर्यंत हात घालून भगदाड पाडलं. "दादा, हात घालून बघा. वर कोरडं, मदी शेवाळागत बुळबुळीत. लांबनं बांबू लावा, मंग बोला."

रावजीनं कुरकुरत बायांना मागं घेतलं. कस्तुरानं लांबूनच बांबू खुपसला. आतून आवाज आला — धप्प. मग अख्खी कड हळूच सुटली आणि बायांच्या टोपल्या होत्या तिथं कमरेइतका कापूस येऊन पडला. वरनं कापूस उतरवायला रावजी स्वतःच शिडी आणायला गेला.

पांढरी धूळ बसली तेव्हा सिदूच्या मिशांत कापूस अडकला होता. कस्तुराला हसू आलं, आणि लगेच शुक्रवार आठवला.

"परवा... जानार?"

"जायाचं हाय. पन पाय निघंना."

"कशापायी?"

"तुज्यापायी."

तुमीचं तू कधी झालं, तिला कळलंच नाही. तिनं बांबू उगाच या हातातून त्या हातात घेतला.

"माजा बा लई कडक हाय. एका दिसात ऐकायचा न्हाय."

"नव्या बर्फाला बी बसायला तीन-चार दिस लागत्यात," सिदू म्हणाला. "त्याच्या आदी पाऊल टाकायचं नस्तं."

"मंग त्या शुक्रवारच्या गाडीला जाऊ द्या की," ती म्हणाली, "रिकामी."