सतराव्या खुणेवरचा सांधा

"चौदा... पंधरा... सोळा..."

दिवाकर वानखडे आकडे म्हणत होते आणि दुसऱ्या टोकाला उत्तरा खडककर त्याच आकड्यांवर पुढे सरकत होती. दोघांच्या मध्ये ताणलेली, विजेने तापवलेली तार घट्ट फेसाच्या, म्हणजे फोमच्या, ठोकळ्यांतून अलगद चालली होती. फेसाच्या दोन्ही बाजूंना पंखाच्या छेदाच्या आकाराच्या फळ्या ठोकल्या होत्या आणि त्यांवर खुणा होत्या. एका आकड्याला दोघांनीही त्याच खुणेवर असायला हवं, नाहीतर पंख पिळवटतो.

"सतरा..."

तार अडली. उत्तराने मूठ थोडी ओढली, तशी तार धनुष्यासारखी वाकली.

"ओढू नका मॅडम!" दिवाकर ओरडले. "तुटंल!"

वीज बंद करून दोघांनी काप फाकवून फेसाच्या आत पाहिलं. जिथे दोन ठोकळे जुळले होते, तिथे या टोकापासून त्या टोकापर्यंत एक काळी रेघ होती. नखाने खरवडली, तर नख घसरलं.

यवतमाळच्या जुन्या धावपट्टीलगतच्या त्या शेडमध्ये गेली दोन वर्षं दोघं मिळून दोन आसनी विमान बांधत होती. उत्तरा निवृत्त संरचना-अभियंता आणि हौशी वैमानिक. दिवाकर सोफ्यांचा आणि गाद्यांचा फोम कापणारे कारागीर. तार कशी बोलते ते त्यांच्या हाताला कळे. उजवा पंख कापून, त्यावर काचतंतूंचं कापड चढवून तयार होता. डाव्याचा हा शेवटचा भाग. आणि उत्तराला घाई होती. तिच्या डोळ्यांचे पडदे झिजत चालले होते. एकोणीस तारखेच्या तपासणीत वैमानिकाचा परवाना जाणार, हे तिला ठाऊक होतं. त्याआधी एकदा तरी या विमानातून वर जायचं होतं. हातात तेवीस दिवस होते.

दुसऱ्या दिवशी अमरावतीहून डॉ. फिरदौस काझी आल्या. हा कवकफेस त्यांनीच घडवला होता. एक कवक साच्यात वाढतं आणि हलका, घट्ट, तारेने वितळणारा फेस स्रवतं. भट्टीत वाळवला की कवक मरतं, फेस उरतो.

"गोंदाने चिकटवलेल्या ठोकळ्यांत तार अडते, म्हणून तर मी हा जिवंत सांधा काढला," फिरदौस भिंग लावून म्हणाल्या. "ओले ठोकळे शेजारी ठेवायचे. तीन दिवसांत यातले तंतू त्यात शिरतात आणि सांधा उरतच नाही. पण एक अट आहे, उत्तराताई. दोन्हीकडचं कवक एकच हवं. एकाच जातीचं नव्हे, एकच. कवक स्वतःला ओळखतं. दुसरं कुणी भेटलं की मध्ये भिंत बांधतं. ही काळी रेघ म्हणजे ती भिंत."

"म्हणजे यातला एक ठोकळा परका?"

"हो. बारा ठोकळे तुम्हीच वाढवले ना?"

उत्तराने दिवाकरांकडे पाहिलं. "अकरा. माझ्या टबात वाढणाऱ्या कवकाचे. बारावा साच्यातून काढताना तडकला, म्हणून त्याच्या जागी यांनी आपल्या दुकानात एक वाढवला."

"तुम्हीच दिलेल्या कवकाच्या बरणीतून," दिवाकर फिरदौसना म्हणाले. "सुरुवातीला जास्तीची म्हणून दिली होती ती. तोवर उघडलीबी नव्हती."

"दुकानात वाढवलात ना? त्या धुळीत?" उत्तरा शेडभर येरझाऱ्या घालत होती. "अकरा ठोकळे एकमेकांशी जुळतात. एक जुळत नाही. यात आणखी काय शोधायचं?"

"मी तसं काही केलं नाही, मॅडम."

"मग झालं कसं? दोन वर्षं! आणि माझ्याकडे दिवस किती उरलेत ते ठाऊक आहे ना तुम्हाला?"

 दिवाकरांनी आपली तार गुंडाळली, पिशवीत घातली आणि सायकलवर बसून निघून गेले.

फिरदौसनी शेडमधल्या टबातला आणि दिवाकरांच्या बरणीतला जिवंत तुकडा घेतला. प्रयोगशाळेत जपलेल्या मूळ कवकाशेजारी दोन्ही ठेवून बघते, म्हणाल्या. नियम म्हणून.

पुढचे चार दिवस उत्तरा धड बसली नाही. नवा ठोकळा टाकला, दर दोन तासांनी झाकण उघडून पाहिला. एकटीने तार ओढता येईल अशी गाडी जुळवली, मोडली, पुन्हा जुळवली.

पाचव्या दिवशी फोन आला.

"बरणीतलं मूळ कवकाशी जुळलं, ताई," फिरदौस म्हणाल्या. "रेघ आली ती तुमच्या टबातल्या तुकड्यासमोर."

"असं कसं होईल? अकरा ठोकळे..."

"ते एकमेकांशी जुळले. एवढंच." फिरदौस समजावू लागल्या. "रेघ दोघांच्या मध्ये येते. परकं कोण, ते ती सांगत नाही. टबात कधी अळंबीची छत्री उगवली होती का?"

उत्तराला आठवलं. मे महिना, पहिला ठोकळा टाकायच्या आधीचा, कडेला बोटाएवढी पांढरी छत्री. तिने ती खुडून फेकली होती.

"तिचे बीजाणू टबात पडले. त्यातलं एक जोडपं जुळून नवं कवक झालं आणि मूळ कवकाला हटवून बसलं. मूळ कवकाचीच संतती, पण वेगळी. फेसही तसाच दिसणारा. ताकद मात्र कुणी मोजलेली नाही. माझे सगळे आकडे मूळ कवकाचे आहेत. उजवा पंख..."

"पूर्ण त्याच टबातला आहे," उत्तरा म्हणाली.

त्या पंखातले सांधे भिंगातूनही दिसत नव्हते. तिला त्याचा केवढा अभिमान होता!

दिवाकरांच्या दुकानात ती पोहोचली तेव्हा ते एका दिवाणाची गादी कापत होते. तिने उभ्यानेच सगळं सांगितलं. "चूक माझ्या टबात होती. मी तुमच्यावर ढकलली. मला माफ करा."

दिवाकरांनी काप पूर्ण केला.

"ठोकळा खराब निघाला असता तरी चाललं असतं," ते म्हणाले. "तुम्ही विचारलं नाही, त्याचं वाईट वाटलं. काहून विचारलं नाही?"

 "घाईत होते," एवढंच ती म्हणाली.

दिवाकर दुसऱ्या दिवशी आले, पण अट घालून. यापुढे प्रत्येक ठोकळ्याचा तुकडा आधी मूळ कवकाशेजारी ठेवायचा. तिचाही, त्यांचाही. मग त्यांनी मिळून उजवा पंख लाकडी घोड्यांवर उलटा ठेवला आणि त्याची ताकद मोजायला वाळूच्या गोण्या रचायला घेतल्या. पंखाने सोसायला हव्या होत्या चौसष्ट गोण्या. एकेचाळिसाव्या गोणीला आतून कडकड आवाज आला आणि पंख मुळाशी मोडला.

दोघांनी मोडलेल्या पंखावरून गोण्या उतरवायला घेतल्या.

"तेवीस दिवसांच्या आत आपण यात बसणार होतो," दिवाकर हळूच म्हणाले.

एकोणीस तारखेला उत्तराचा परवाना गेला. बरणीतून बारा नवे ठोकळे वाढायला पाच महिने लागणार होते. तपासणी आटोपून, अमरावतीच्या बसमधून उतरून ती तशीच शेडवर आली. दिवाकर साचे धूत होते.

"उड्डाण शिकायला किती दिवस लागतात?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"कुणाला?"

"मला. मी पन्नाशीचा आहे आणि इंग्रजी वाचायला वेळ लागते, हे धरून सांगा."

उत्तरा साच्याशेजारी बसली. त्या दिवसांत पहिल्यांदाच ती धड बसली होती.

"धरलं," ती म्हणाली. "एक वर्ष. ठोकळ्यांना घाई करता येत नाही, तशी तुम्हालाही करणार नाही."