सतरा नंबरचा उजेड

विश्वास ठेवा किंवा सोडून द्या. पण ज्या मावशीनं मला हे सांगितलं, तिला आयुष्यात एक थाप नीट मारता आलेली नाही.

मावशी जमिनीखालच्या रेल्वे स्टेशनांमधल्या दिव्यांची आखणी करते. कुठे किती उजेड पडावा हे ती ठरवायची आणि काका, म्हणजे तिचे यजमान, ते दिवे छताला बसवायचे. कामावर ते तिला मॅडम म्हणायचे. "घरी मात्र साहेब मीच," असं वर ऐकवायचे. घरी साहेब कोण होतं, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

उजेड मोजायची त्यांची ठरलेली पद्धत होती. फलाटावर खडूनं चौकोन आखायचे, त्यांना नंबर द्यायचे, प्रत्येक चौकोनात मीटर ठेवायचा आणि आकडा लिहायचा. काका अंगानं आडवे, हमखास मीटर आणि दिव्याच्या मध्ये यायचे. मग मावशी वहीतून मान वर न करता ओरडायची, "सावली!"

"हटलो, मॅडम!" म्हणत काका दोन पावलं मागे सरकायचे.

मागे न बघता.

वीस वर्षं हे असंच चाललं. आणि मग या नव्या स्टेशनात, सतरा नंबरच्या चौकोनाशी, काका फलाटाच्या कडेकडे पाठ करून उभे होते...

"सावली!"

"हटलो, मॅ..."

खाली रुळावर डोकं आपटलं. काका जागच्या जागी गेले.

पाय घसरला, असं सगळे म्हणाले. आपण ओरडलो होतो, हे मावशीनं कोणालाच सांगितलं नाही. तो शब्द पुन्हा तोंडातून काढायचा नाही, एवढं मात्र तिनं मनाशी पक्कं केलं. रडू तर तिला आलंच नाही.

सहा महिन्यांनी शेवटची तपासणी होती. दुपारचे तीन वाजले होते. पण जमिनीखाली दुपार काय नि रात्र काय. स्टेशन अजून सुरू व्हायचं होतं. खाली फक्त मावशी आणि तपासणीचे इंजिनिअर.

पंधरा नंबर. एकशे बावन्न.

सोळा. एकशे पन्नास.

सतरा...

साठ.

मीटर बदलला. साठ. शिडी लावून दिवा पुसला, मग नवाच लावला. साठ.

डोळ्यांना तर फरशी लख्ख दिसत होती.

"दिसतंय ठीक, पण आकडा तो आकडा," इंजिनिअर म्हणाले. "कडेला हे चालायचं नाही, मॅडम. ही सगळी रांग उतरवू आणि दुसरे झगझगीत दिवे लावू."

मावशीनं वर दिव्यांकडे बघितलं. त्या रांगेतला एकेक स्क्रू काकांनी पिळला होता. त्यांच्या हातचं शेवटचं काम तेवढंच उरलं होतं.

"मला अर्धा तास द्या," ती म्हणाली. खाली फोनला रेंज नव्हती, म्हणून इंजिनिअर फोन करायला वर गेले.

मावशी गुडघ्यांवर बसली. मीटर वीत वीत सरकवू लागली. जिथे आकडा पडेल तिथे खडूची खूण.

एकशे पन्नास... साठ. खूण.

एकशे अठ्ठेचाळीस... साठ. खूण.

खुणा जोडल्या तेव्हा फरशीवर एक डोकं आणि दोन खांदे उमटले. डावा खांदा उतरलेला. शिडी वाहून वाहून काकांचा खांदा तसाच झाला होता.

हवेच्या पंख्यांची घरघर थांबली...

काका तिथेच उभे होते. कडेकडे पाठ करून. एका शब्दात हटले असते, आकडा वर आला असता, त्यांचे दिवे वाचले असते. तो शब्द मावशीच्या जिभेवर आलाही.

तिनं गिळला.

"अहो..." ती म्हणाली. "पुढे या. माझ्याकडे. मागे नका जाऊ."

काहीच नाही.

मग... बुटाचा आवाज. एक पाऊल.

दुसरं.

मीटरवर साठ... नव्वद... एकशे वीस...

एकशे पन्नास.

पावलं अगदी तिच्याजवळ येऊन थांबली. तिनं हात पुढे केला. हाताला काहीच लागलं नाही.

"मी बघायला हवं होतं हो," ती म्हणाली आणि सहा महिन्यांचं एकदम रडली.

इंजिनिअर परत आले तेव्हा पंखे चालू होते. "काय केलंत?" त्यांनी आकडा बघून विचारलं.

"काही नाही. मध्ये काहीतरी येत होतं."

ते दिवे आजही तिथेच आहेत.

मागच्या महिन्यात मी मावशीकडे गेलो होतो. ती टेबलाशी नकाशा काढत होती. दिवा बरोबर कागदाच्या वर, खोलीत आम्ही दोघंच, आणि मी तिच्या समोर बसलेलो. तरी कागदाचा अर्धा भाग अंधारात होता...

"मावशी, कागदावर सावली पडतेय गं. दिवा सरकवू का?"

तिची पेन्सिल थांबली.

"असू दे रे," ती हळूच म्हणाली. "उभे राहू देत. मला दिसतंय तेवढं पुरे."

मी माझी खुर्ची थोडी बाजूला घेतली. कोणाला जागा करून दिली, ते मला सांगता यायचं नाही.