हवेतली फेरी

बाबा गेल्यानंतर ती पहिल्यांदा कारखान्यात आली, तेव्हा काम अगदी साधं होतं. एक प्रोग्राम तपासून खाली पाठवायचा, बस.

कारखान्यात तिला सगळे फटाकडी म्हणत. नाव बाबांनीच पाडलेलं. वरच्या काचेच्या खोलीत बसून ती मशीनचे प्रोग्राम लिहायची आणि खाली बाबा त्याच प्रोग्रामवर मशीन चालवायचे. घरी भांडण अपुरं राहिलं, तर इथे पुरं व्हायचं.

भांडण नेहमीचंच. प्रोग्राम लिहून झाला की ती तो पडद्यावर चालवून बघे. पडद्यावरचं टूल निळ्या ठोकळ्याला कोरत जाई आणि ते कुठे धडकणार असेल, तर तेवढी जागा लाल होई. लाल दिसलं नाही म्हणजे काम चोख. पण बाबांना पटेल तर शपथ! प्रत्येक नवा प्रोग्राम ते आधी हवेत चालवत. टूल जॉबच्या, म्हणजे कापायच्या ठोकळ्याच्या, वर हातभर उचलायचं आणि काहीही न कापता पूर्ण फेरी मारायची. ती फेरी चालू असताना डावा पंजा जॉबशेजारी, मशीनच्या टेबलावर सपाट टेकवून उभं राहायचं.

"बाबा, मी तपासलंय ना! कशाला वेळ घालवता?"

"तू डोळ्यांनी तपासलंस. थरथर हाताला कळते."

"मग हात तरी काढा तिथून. आधीच काय बोटं शिल्लक आहेत?"

"चार आहेत की," बाबा पंजा नाचवत म्हणत. "तीन पूर्ण आणि दोन अर्धी मिळून एक. कॉलेजात बेरीज शिकवली नाही वाटतं?"

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तरुणपणीच पत्रा दाबायच्या प्रेसखाली अर्धी गेली होती. त्यावर हसणारा हा माणूस मशीनवर नाही गेला, घरी झोपेत गेला. जाताना भांडायलाही उठला नाही. तिला याचाच राग होता, आणि राग कुणावर काढायचा हेच कळत नव्हतं.

तर त्या दुपारी तिने प्रोग्राम पडद्यावर चालवला. खाली जेवणाची सुट्टी होती. मशीनं बंद, मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा आंबूस वास तेवढा जिन्याने वर येत होता. टूल निळ्या ठोकळ्याच्या कडेला आलं... आणि लाल झालं.

तिथे काहीच नव्हतं. क्लॅम्प नाही, बोल्ट नाही, रिकामं टेबल. आधीच्या फाइलमधलं काहीतरी राहिलं असेल म्हणून तिने सगळं पुसून पुन्हा उघडलं. पुन्हा लाल. तिने ठोकळा सरकवला. लाल डागही त्याच्याबरोबर सरकला, बरोबर शेजारी. मग तिने ती जागा मोठी करून वरून पाहिली.

पंजा होता. डावा. तीन बोटं लांब, दोन अर्धी.

ती किंचाळली नाही. हुंदका मात्र इतका मोठा आला की तिने स्वतःच तोंड दाबलं. तिने पडद्यावरचं टूल हातभर वर उचललं, हवेतल्या फेरीसारखं. टूल पंज्यावरून अलगद निघून गेलं. लाल नाही.

"बरं," ती पुटपुटली. "करते. तुमचंच खरं."

आता बाबांच्या मशीनवर काका होते, बाबांचे जुने दोस्त. फटाकडी स्वतःहून हवेतली फेरी मागते हे ऐकून त्यांनी आधी तिच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. फेरी सुरू झाली. तिने नकळत डावा हात टेबलावर टेकवला. लोखंड बारीक थरथरत होतं, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखं.

वर येऊन तिने प्रोग्राम पुन्हा तपासला. पडदा स्वच्छ. पंजा गेला होता.

नंतर काकांनी प्रत्येक जॉबला आधी हवेतली फेरी मारली. प्रत्येक वेळी ती खाली जाऊन हात टेकवून उभी राहिली. सवयच लागली. आणि पडदा प्रत्येक वेळी निळा, कोरा. ती एकच प्रोग्राम पुन्हा पुन्हा चालवायची, कुठेतरी लाल दिसेल म्हणून. लोक देवाकडे मागतात, तसं ती धडक मागत बसायची.

शेवटी तिने काकांना सांगितलं, "आजपासून हवेतली फेरी बंद. थेट कापायचं."

"अगं, तूच तर सुरू केलीस! तुझ्या बाबाला काय वाटेल?"

"तुम्हा म्हाताऱ्यांचं एकदा डोक्यात बसलं की बसलंच! सांगितलं ना, बंद."

काका मान हलवत गेले. तिला त्यांना दुखवायचं नव्हतं. तिला बाबांना चिडवायचं होतं. चिडले, तर येतील.

वर येऊन तिने नवा प्रोग्राम चालवला. टूल कडेला आलं. लाल!

"बाबा..." ती हसत-रडत पडद्यावर वाकली. जागा मोठी केली. पंजा होता, डावाच. पण करंगळी पूर्ण होती. शेजारचं बोटही पूर्ण. पंजा लहान होता, निमुळता. तिने हळूच आपला डावा हात पडद्यावर ठेवला.

तंतोतंत बसला.

खालून मशीनचा पंखा घुमू लागला. "फटाकडे, जॉब लावलाय!" काकांची हाक आली. "ये, हात टेकव तुझा. त्याशिवाय सुरू करायला बरं वाटत नाही आता."

खरंच, ती गेली असती. सवयीने, काही विचार न करता. आणि टूल आज हवेत नव्हतं.

"थांबा काका..." ती बसल्या जागेवरून ओरडली. "थांबा! आधी हवेत चालवा!"

पंखा मंदावला. तिने पडद्यावरून हात काढला. तेव्हा तिला दिसलं की लाल पंजा मनगटापाशी संपत नव्हता. मनगटाला दुसऱ्या एका हाताने घट्ट धरलं होतं. तीन बोटांचे लांब वळसे, आणि दोन अर्धे.

तो हात तिला टूलखालून बाहेर ओढत होता की टूलखाली आत, ते मात्र चित्रावरून कळत नव्हतं.