कापलेले चाळीस सेकंद

विश्वास ठेवा, नका ठेवू. हे घडलेलं आहे. नाशिकला, सातपूरच्या एका कारखान्यात, २००१च्या मे महिन्यात, भर दिवसा.

हर्षल पीएचडी करत होता. लोखंड तापवायच्या भट्टीचं कॉम्प्युटरवर मॉडेल बनवायचं होतं. भट्टी मोठी लहरी. दुप्पट आच दिली म्हणून दुप्पट तापत नसे. तिचा स्वभाव ओळखायचा तर तिला धक्के द्यावे लागत. आच एकदम वाढवायची, एकदम उतरवायची आणि सेकंदासेकंदाचं तापमान नोंदवायचं.

भट्टीवर घोटीचा जयराम होता. धक्क्याआधी त्याला हाक मारायची, असं ठरलेलं.

त्या दिवशी अकरा चाळीसला हर्षलने हाक मारायचा कंटाळा केला आणि आच वाढवली...

जयराम भट्टीचं दार उघडून आत वाकला होता.

तिसऱ्या दिवशी तो गेला.

जयरामने न विचारता दार उघडलं, असं हर्षलने चौकशीत सांगितलं. मेलेला माणूस उलटून बोलत नाही. नोंदींतले अपघाताचे चाळीस सेकंदही हर्षलने कापून टाकले.

जूनमध्ये मॉडेल तयार झालं. पडद्यावर रेघ सुरळीत चालली होती...

अकरा चाळीसला ती घसरली.

मग उसळली.

दार उघडल्यावर व्हावं, तसंच... पण मॉडेलने ते सेकंद कधी पाहिलेच नव्हते!

हर्षलने सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. पुन्हा तेच. फक्त आता रेघेखालची तारीख वेगळी.

२१ जून. चार दिवस पुढची.

भट्टीवर आता जयरामचा धाकटा भाऊ झुंबर होता.

"साहेब, भाऊ म्हणायचा, तुम्ही हाक मारल्याबिगर आच वाढवत नाय. खरं हाय ना?"

"हो," हर्षल म्हणाला.

झुंबरला सावध करायचं तर कापलेलं दाखवावं लागलं असतं. पीएचडी गेली असती. त्याने कॉम्प्युटरची भट्टीला जोडलेली वायर काढली आणि एकवीस तारखेला ताप आल्याचं सांगून पंचवटीत घरीच बसला.

अकरा चाळीसला झुंबर आत वाकलेला असताना आच कुणी वाढवली, ते आजही कुणाला माहीत नाही.

भट्टीच्या स्वतःच्या कागदी आलेखावर तेवढी नोंद सापडली. हर्षलच्या गाइड सरांनी तो कागद मॉडेलच्या रेघेवर ठेवला. तंतोतंत जुळला. असं अचूक मॉडेल आपण पाहिलं नाही, म्हणाले. पाठ थोपटली.

खोलीच्या दारात जयरामची बायको सिंधुबाई उभी होती.

"साहेब, दोघंबी चुकलेच का वो?"

हर्षल पुन्हा "हो" म्हणाला.

त्याला पदवी मिळाली. ती फाइल मात्र त्याने परत उघडलेली नाही. पुसायलाही धजत नाही.

आत नवी तारीख आली असेल... ती कुणाची, हे त्याला बघायचं नाही.