शून्य वेळा वापरलेली पिशवी

ज्या घरात चोपन्न कापडी पिशव्या आहेत, त्या घरात बाजाराला निघताना एकही पिशवी हाताशी का नसते? २०६१ सालच्या सूतगावात, शाल्मलीच्या घरी हे कोडं रोज पडायचं. बाबा रिकाम्या हातानं जायचे आणि दुकानातून नवी पिशवी घेऊन यायचे.

बारा वर्षांच्या शाल्मलीला त्याचं काही वाटत नसे. मोरांचं भरतकाम असलेली पांढरीशुभ्र पिशवी तिनंच रेखाटली होती आणि गावातल्या बायकांनी संक्रांतीला वाण म्हणून तशा तीन हजार लुटल्या होत्या. आता पुढच्या संक्रांतीला त्यांना आणखी पाच हजार हव्या होत्या. त्या दिवशी संध्याकाळी सहाला तिनं होकार कळवला की माग सुरू होणार होते.

त्याच दुपारी नीरजामावशी आली. ती कापडाची शास्त्रज्ञ. सोबत तिचा यंत्रमानव, तागड्या. धाग्यांची झीज पाहून कापड किती वेळा वापरलं, हे तो सांगे. आईनं दारामागची पिशव्यांची पिशवी त्याच्यापुढे ओतली. त्यात वाणात आलेले एकोणीस मोर होते. शाल्मली ऐटीत उभी राहिली.

“शून्य,” तागड्या म्हणाला. दुसरी पिशवी शून्य, तिसरीही शून्य. एकोणिसाव्या शून्यापर्यंत शाल्मलीचा चेहरा पांढरा पडला. यंत्र बिघडलंय, असं ती ओरडली. मावशीनं तपासलं, ते ठणठणीत होतं.

आई ओशाळून म्हणाली, “अगं, इतकी देखणी पिशवी. तिच्यात मातीचे बटाटे घालायला जीव होईना.”

मग मावशीनं शाल्मलीला जीवनचक्र (वस्तू बनण्यापासून टाकून देईपर्यंतचा सगळा प्रवास) समजावलं. प्लास्टिक कुजत नाही, गटारं तुंबवतं, गाईच्या पोटात जातं, म्हणून ते नकोच. पण कापसाला पाणी आणि खत लागतं, विणायला वीज लागते. हा बोजा फिटायला एक सुती पिशवी शंभराहून जास्त वेळा बाजारात जावी लागते.

“म्हणजे मी कचराच वाढवला?” शाल्मलीला रडू फुटलं.

तेवढ्यात तागड्यानं खुंटीवरची मळकट पिशवी उचलली. आजोबांच्या जुन्या पँटची, दळणाची पिशवी. “सहाशे बारा,” तो म्हणाला. शाल्मली आ वासून बघत राहिली. ही पिशवी काळपट होती म्हणून मळाची भीती नव्हती. शिवण दुहेरी होती, आणि ती कायम दाराजवळच्या खुंटीवर असे.

सहा वाजता शाल्मलीनं मागवाल्यांना फोन करून विणू नका म्हणून सांगितलं. मग तिनं नवी रचना कागदावर उतरवली: नवं कापड नाही, घरोघरच्या पांढऱ्या पिशव्याच गडद रंगवायच्या, दुहेरी शिवायच्या आणि चपलांच्या वर टांगायच्या. पुढच्या संक्रांतीचं वाण म्हणजे खुंटी.

मग ती स्वतःची मोराची पिशवी घेऊन बाजारात गेली. चिखलाचे बटाटे आत पडले आणि मोर माखला.

घरी तागड्यानं पिशवी निरखली.

“एक,” तो म्हणाला.