आमखास मैदानावरचे दहा दिवस

१९६९ च्या डिसेंबरात मी सायकल घेऊन बन्सीच्या पोटात घुसले. आमची ओळख झाली ती अशी.

मी चतुरा, तेव्हा एकोणीस वर्षांची. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण म्हणून नेमणूक झालेली. पण शाळा आमच्या गावापासून पाच मैल लांब आणि तिकडं एसटी नव्हती. वडील, आप्पासाहेब, म्हणाले, "नाताळच्या सुट्टीत सायकल शिक. नाय जमलं तर नोकरी राहू दे, लग्न करून टाकू."

म्हणून मी गुलमंडीत सारजाआत्याकडं आले. तेव्हाचं औरंगाबाद लहान होतं. सकाळी आठपर्यंत धुकं, कोपऱ्याकोपऱ्यावर शेकोट्या, हातगाड्यांवर पेरूंचे ढीग. पेरूला सगळे जामच म्हणायचे. वहाबचाचांच्या दुकानातून भाड्यानं सायकल घ्यायची आणि समोरच्या आमखास मैदानावर धडपडायचं, हा माझा रोजचा कार्यक्रम.

तिसऱ्या दिवशी समोरून एक जण जाम खात आला. मी घंटी वाजवली. ब्रेक मात्र विसरले. दोघंही आडवे. त्याच्या पिशवीतले जाम चहूकडं.

दुकानातून वहाबचाचा ओरडले, "बेटी, ब्रेक हँडल पे है, आदमी के पेट में नई!"

"लागलं का हो?" मी विचारलं.

"मला नाय. जामांना लागलं," तो कपडे झटकत म्हणाला. "सायकल शिकताय, का माणसं पाडायला?"

"माणसं पाडता येतात. आता फक्त सायकल राहिलीय."

तो हसला. शहागंजच्या पोस्टात कारकून होता. दुसऱ्या दिवशी मफलर गुंडाळून पुन्हा आला आणि मागून कॅरिअर धरून पळायला लागला.

"चाकाकडं नका बघू. लांब बघा."

"लांब काय आहे?"

"सध्या तर धुकंच... पुढं बघू."

सहा सकाळी तो असाच पळाला. नवव्या दिवशी मी मैदानाला पूर्ण फेरी मारली, वळून पाहिलं — तो पार लांब उभा, हात खिशात. कधी सोडलं, कळलंच नव्हतं. आनंद व्हायला हवा होता. पण आता उद्यापासून ह्याला यायचं काही कारण नाय, हेच आधी मनात आलं.

दहाव्या दिवशी आप्पासाहेब आले. मी गुलमंडीतून सायकल चालवून दाखवली. "झकास," ते म्हणाले, "पण पैठणचं चांगलं स्थळ आलंय. त्यांना नोकरीवाली सून नको."

सकाळी मैदानावर मी बन्सीला एवढंच सांगितलं होतं, की वडील येणार आहेत. तो संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा. आत्या त्याच्या आईला ओळखायची, म्हणून आत तरी घेतलं.

"शेती किती?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"नाय. पोस्टात आहे."

"अन् हिनं नोकरी केली तर?"

"त्यांना करायची असंल तर त्या करतील. पण मालक, लग्नाचं मी अजून त्यांनाच विचारलं नाय. आधी विचारू का?"

आणि त्यानं सरळ माझ्याकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

"आत्या," मी म्हणाले, "ह्यांना चहा दे ना."

'ह्यांना' म्हणाले, हे मला आत्या तोंडाला पदर लावून हसायला लागली तेव्हा कळलं.